वाड्याचा लाकडी सांगाडा आणि त्याची हातदुरुस्ती

पेशवेकालीन वाड्यातील मधली एखादी भिंत काढली, तरी वरचा मजला बहुधा जागेवरच राहतो. भार पेलण्याचे मुख्य काम सागवानी खांब आणि तुळया करतात. त्यांच्यामध्ये रचलेल्या विटा व पांढरी माती आडोसा देतात, ऊन आणि थंडी अडवतात. म्हणूनच जुन्या वाड्याच्या दुरुस्तीत गवंड्याइतकाच, किंबहुना त्याच्या आधी, सुताराचा विचार करावा लागतो. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी सुताराला शेवटी, दारे-खिडक्या बसवण्यापुरते बोलावले जाते.

या रचनेचे एकक म्हणजे खण, अर्थात दोन खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील अंतर. जुन्या कागदपत्रांत घराचे मोजमाप खणांनीच दिलेले आढळते. जोत्यावर दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरलेला हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट, असा हा क्रम असतो. शेवटच्या दोन घटकांवरूनच अशा छताला कडीपाट म्हणतात. हस्त ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. तो तुळईला दोन्हीकडून आधार देऊन तिचा मोकळा पल्ला कमी करतो, आणि दोन तुळयांची टोके खांबावर एकत्र येतात तेथे त्यांना बसायला रुंद जागा देतो. पुण्यातील विश्रामबागवाडा (1807) पाहताना लोकांची नजर सुरूच्या आकाराच्या खांबांवर आणि त्यांवरील कोरीव कामावर खिळते. ते योग्यच आहे. पण त्या कोरीव कामाच्या मागे भाराचे हे साधे गणित उभे आहे.

महाराष्ट्रातील लाकूडबांधणीची परंपरा वाड्यांहून फार प्राचीन आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला बसवलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. खडकात कोरलेल्या त्या छताला त्यांच्या आधाराची काहीच गरज नव्हती. लाकडी इमारतींची सवय जडलेल्या कारागिरांनी दगडातही तेच रूप आणले, आणि त्यामुळे सागाच्या टिकाऊपणाचा एक मोठा पुरावा आपल्या हाती आला. ‘मयमत’ आणि ‘मानसार’ या दाक्षिणात्य शिल्पग्रंथांत ‘संधिकर्म’ या विषयाला स्वतंत्र अध्याय दिलेला असून मल्ललील, वेणुपर्व अशी सांध्यांची नावे तेथे येतात. आपल्याकडील सुतार हे ग्रंथ वाचून काम करीत होते, असे समजण्याचे कारण नाही. पण लाकडाचे तुकडे जोडणे ही विद्या नावे देऊन, वर्ग पाडून जतन करण्याच्या योग्यतेची मानली जात होती, हे त्यावरून दिसते. खांब उभा करताना झाडाचा बुडखा खाली आणि शेंडा वर ठेवावा, हा त्यांतील नियम जुन्या सुतारांच्या तोंडीही असतो.

कामाच्या दृष्टीने सांध्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला लांबी वाढवणारा, दुसरा कोनात मिळणारा आणि तिसरा फळीला फळी लावून रुंदी वाढवणारा. वाड्यात सर्वांत महत्त्वाचा दुसरा. खांबाच्या माथ्याला कोरून ठेवलेली जीभ, म्हणजे कूस, हस्ताच्या खाचेत बसते. वरचा भार तिला दाबून धरतो आणि गरज असेल तेथे आडवी लाकडी मेख ठोकलेली असते. असा सांधा किंचित हलू शकतो. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वार्षिक वलयांच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसते. ही हालचाल सामावून घेणारा सांधा टिकतो. शिवाय मेख काढली की तो सुटतो, आणि हाताने करावयाच्या जीर्णोद्धाराचे सारे शास्त्र या एका सोयीवर उभे आहे.

सागाच्या मध्यकाष्ठात नैसर्गिक तैलद्रव्ये असल्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. बाहेरच्या फिकट रसकाष्ठाला मात्र हे संरक्षण नसते. तरीही खरा शत्रू पाणी. लाकडातील ओलावा सुमारे 20 टक्क्यांच्या खाली असेल, तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणून तपासणी पाणी मुरण्याच्या जागांपासून सुरू होते: खांबाचा पाय, भिंतीत गाडलेले तुळईचे टोक आणि दोन पाखी मिळतात ती पन्हळ. मोगरीने ठोकल्यावर सकस लाकूड खणखणीत आवाज देते, पोखरलेले बद्द वाजते. संशय आला तर दाभण टोचून पाहतात. खांबांच्या बाबतीत एक कारण वारंवार आढळते. पिढ्यान्‌पिढ्या ओसरीवर शहाबादी फरशी, तिच्यावर कोबा, पुन्हा त्यावर टाइल्स असे थर चढत जातात आणि तळखडा जमिनीखाली गाडला जातो. ज्या दगडाने ओल अडवायची तोच बुडाल्यावर खांब थेट ओलीत उभा राहतो आणि उघड्या टोकातून पाणी शोषू लागतो.

अशा खांबाचा संपूर्ण बदल क्वचितच लागतो. बहुधा खालचा फूट-दीड फूट भागच गेलेला असतो. प्रथम तुळईखाली दोन्ही बाजूंना टेकू देऊन लाकडी पाचरी आळीपाळीने ठोकत भार अगदी सावकाश उचलतात. येथे घाई केली तर वरच्या मजल्याचा गिलावा तडकतो आणि कड्या जागा सोडतात. मग कुजलेला भाग सकस लाकूड लागेपर्यंत कापून उरलेल्या टोकाला उतार देतात. उताराची लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच-तीन पट ठेवतात आणि त्याच मापाचा उलट उतार नव्या पायाला देतात. दोन्ही उतार एकमेकांवर घासून, उजेड दिसेनासा होईपर्यंत पटाशीने आणि रंध्याने जुळवतात. उताराच्या दोन्ही टोकांना छोटी आडवी पायरी ठेवली, की भार पडल्यावर तुकडे एकमेकांवरून घसरत नाहीत. शेवटी मेखा. नव्या पायाच्या रेषांची दिशा जुन्या खांबासारखीच हवी, नाहीतर दोन्ही भाग वेगवेगळ्या प्रमाणात आकसून सांधा उघडतो. तुळईचे टोक गेले असेल तर हीच रीत चालते, परंतु तेथे वाकाचा ताण येत असल्याने सांधा लांब घ्यावा लागतो आणि लोखंडी पट्ट्यांची मदतही घ्यावी लागते. शुद्धतेच्या हट्टापायी ती नाकारण्यात अर्थ नाही.

हत्यारे मोजकीच लागतात: करवत, वाकस, पटाशी, रंधा, सामता, गुण्या आणि ओळंबा. यंत्राचा रंधा वापरू नये असे नाही, पण जुन्या खांबांच्या पृष्ठावर वाकसाचे हलके घाव दिसतात. यंत्राने गुळगुळीत केलेला शेजारचा तुकडा डोळ्याला खुपतो. दुसरीकडे, नवा भाग जुन्यासारखा भासवण्याची धडपडही नको. 1964 च्या व्हेनिस सनदेने सांगितलेला दंडक येथे उपयोगी पडतो: भरलेला भाग एकूण रूपाशी मिळताजुळता असावा, तरी मूळ भागापासून ओळखू यावा. वर्षानुवर्षांचा तैलरंग खरवडून लाकडाला बेलतेल दिले, की तो फरक सौम्यपणे दिसत राहतो. भिंतींना चुन्याचा गिलावा द्यावा. सिमेंट भिंतीतील ओलावा बाहेर पडू देत नाही आणि तो ओलावा अखेर तुळईच्या टोकाशी जाऊन बसतो.

या कामाला लागणारे जुने सागवान बहुतांश दुसऱ्या पाडलेल्या वाड्यांतून येते, ही थोडी बोचणारी गोष्ट आहे. ते पुरते वाळलेले असल्याने नव्या लाकडाइतके आकसत नाही. खरेदीनंतर त्यावर लोहचुंबक फिरवून आत दडलेले खिळे शोधावे लागतात, कारण एकच खिळा करवतीचे दात घालवतो. अशा तुळईवर जुन्या कड्यांच्या खाचा उरलेल्या असतात. भाराखाली वाकताना तुळईची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दबते. म्हणून नव्या जागी बसवताना खाचांची बाजू वर घेऊन त्या सागाच्याच तुकड्यांनी घट्ट भरतात, आणि खाली अखंड बाजू येते.