रात्रीचा उजेड, मृगाचे तारे व भाताचें पीक

मृग लागला म्हणजे पेरणीची घाई होते. परंतु त्या दिवसांत सूर्यच मृगापाशीं असल्यामुळें ते तारे दृष्टीस पडत नाहींत. ते पाहावयाचे तर माघ-फाल्गुनांतील अंधाऱ्या रात्रीं, सूर्यास्तानंतर तासा-दीड तासानें. चार कोपऱ्यांस चार पाय, मध्यें बाणाचे तीन तारे, आणि तीन बारीक ताऱ्यांचें डोकें. ह्या डोक्यावरूनच नक्षत्रास मृगशीर्ष म्हणतात. उल्हासनगर किंवा अंबरनाथ येथील गच्चीवरून पाहणारास पाय व बाण दिसतात; डोकें मात्र बहुधा सांपडत नाहीं.

हीच गोष्ट मोजण्याची एक युक्ति आहे. ‘ग्लोब ॲट नाइट’ नांवाचा उपक्रम २००६ सालीं अमेरिकेंत सुरू झाला. त्यांत कोणाही मनुष्यानें चांदणें नसतां बाहेर यावें, दहा मिनिटें डोळे अंधारास सरावूं द्यावे, ठरलेलें नक्षत्र पाहावें आणि दिलेल्या नकाशांपैकीं कोणता आपल्या आकाशाशीं जुळतो तें गांवासह कळवावें. यंत्र लागत नाहीं. २०११ ते २०२२ पर्यंतच्या अशा ५१ हजारांवर नोंदींचा हिशेब २०२३ सालीं ‘सायन्स’ साप्ताहिकांत आला. त्याप्रमाणें आकाशाचा उजेड सरासरीनें दरसाल ९.६ टक्के वाढत होता. म्हणजे मूल जन्मलें तेव्हां जेथें २५० तारे दिसत, तेथें तें अठरा वर्षांचें होईतों १०० च उरावेत. ह्या नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेंतील आहेत, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. आपल्याकडून नोंदी थोड्या जातात, हा दोष आपलाच. उपग्रहांच्या यंत्रांस नव्या पांढऱ्या दिव्यांतील निळसर प्रकाश नीटसा दिसत नाहीं. म्हणून साध्या डोळ्याची साक्ष मोलाची.

बदलापूरच्या पुढें वांगणी येथें मुंबईचें खगोल मंडळ रात्रभर आकाशदर्शनाचे कार्यक्रम करीत आलें आहे. तेथून कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं सर्व वायव्येस येतात, आणि त्या अंगाचें क्षितिज उजळलेलें असतें. ह्याउलट विदर्भांतील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ हा मान मिळाला.

तारे मोजून शेतकऱ्यास काय लाभ, असें कोणी विचारील. आमच्या बदलापूरकडील खाचराच्या बांधाशीं रस्त्याचा दिवा उभा राहिला. त्या वर्षीं गरवें भात पिवळें पडलें तरी खांबाभोंवतींचा पट्टा हिरवाच. प्रथम आम्हीं दोष खतास दिला, मग पाण्यास. खरें कारण निराळें होतें. भात रात्र मोजतें. पावसाळ्याच्या अखेरीस रात्र लांबूं लागली म्हणजे गरव्या वाणांस निसवण्याची सूचना मिळते; रात्रभर दिवा जळत असल्यास ती सूचना पोंचतच नाहीं. लोंब्या उशिरां येतात, आणि तोंवर जमिनींतील ओल गेली तर दाणा पोचट राहतो. हळव्या व सुधारलेल्या पुष्कळ वाणांस ही बाधा कमी होते. सोयाबीनही दिव्याशेजारीं हिरवें राहतें, असा परदेशांतील अनुभव आहे. शिवाय खोडकिड्याचे पतंग व तुडतुडे उजेडावर येतात. प्रकाशसापळ्यांत आपण त्यांस याच कारणानें धरतों. परंतु रस्त्याचा दिवा नुसतें आमंत्रण देतो, खालीं पाण्याचें घमेलें कोणी ठेवीत नाहीं.

आम्हीं संबंधित कचेरींत अर्ज केला. दिव्याविरुद्ध बोलणें म्हणजे सुधारणेविरुद्ध बोलणें, असें उत्तर मिळालें. वास्तविक दिवा काढा असें आमचें म्हणणेंच नव्हतें. बऱ्याच खेपा घातल्यावर खाचराच्या बाजूस पत्र्याचें झांकण बसलें. रस्त्यावरचा उजेड तेवढाच राहिला, आणि पुढील हंगामांत तो पट्टा बाकीच्या भाताबरोबर निसवला. अर्जासोबत आम्हीं दिव्याखालीं व गांवाबाहेरच्या खळ्यांत किती तारे दिसले ह्याचे दोन आंकडे जोडले होते; कारकुनानें तेवढे मात्र दोनदां वाचले. ज्यांच्या बांधाशीं असा खांब आहे त्यांनीं येत्या माघी अमावास्येस आपल्या खळ्यांतून मृगाचें डोकें दिसतें कीं नाहीं तें पाहून तारीख-वेळेसह लिहून ठेवावें.