गोळी पोटात, चटका उन्हात



तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने काही वर्षांपूर्वी मला आपले हात दाखवले. पंजाची पाठ, मान, नाक लालभडक, भाजल्यासारखे. "साहेब, फवारणीनं झालं का?" मी लगेच हो म्हणालो. हातमोजे घाला, मोरचूद जपून हाताळा, असे सांगून मोकळा झालो. घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी मात्र स्वच्छ होती. फवारणीचे पाणी असते तर ते पट्ट्याखाली साचून तिथेच जास्त पोळले असते. एवढे माझ्या ध्यानात यायला हवे होते, आले नाही. डॉक्टरांनी एकच विचारले, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" चालू होत्या डॉक्सीसायक्लीनच्या कॅप्सूल.

गुरांत हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. पाटण, जावळीच्या डोंगरउतारावर गाय घाणेरी खाते. तिच्या विषाने काळीज, म्हणजे यकृत बिघडते. मग हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून झालेला, एरवी पित्तावाटे बाहेर पडणारा पदार्थ रक्तातून कातडीत जातो. ऊन लागताच पांढरे ठिपके भाजून सोलतात, काळे शाबूत राहतात. अशी गाय आधी सावलीत बांधा, मग पशुवैद्याला बोलवा.

माणसाच्या काही औषधांचेही असेच. औषध कातडीत पोचते, उन्हातले अतिनील किरण शोषते आणि शेजारच्या पेशींना जाळते. अंधारात तेच औषध निरुपद्रवी.

हे आधी कळावे म्हणून प्रयोगशाळेत पेशींचीच जणू रोपवाटिका करतात. बारीक खळग्यांच्या दोन ताटल्यांत सारख्याच पेशी वाढवायच्या, दोन्हींत औषध सारखेच घालायचे. एक ताटली अंधारात, दुसरी मोजून दिलेल्या अतिनील प्रकाशात. मग तांबडा रंग घालायचा. जिवंत पेशी तो पिऊन घेते, मेलेली घेत नाही. उजेडातल्या ताटलीत रंग फार कमी भरला, की औषध उन्हाशी वैर धरणारे समजावे. आपण खत दिलेला आणि न दिलेला वाफा शेजारी शेजारी ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

या चाचणीची आंतरराष्ट्रीय पद्धत २००४ साली ठरली, तीत उंदराच्या पेशी होत्या. मानवी पेशींपासून वाढवलेल्या त्वचेवरची पद्धत २०२१ साली मान्य झाली. आपल्याकडेही २०२३ च्या दुरुस्तीने नव्या औषधांसाठी मानवी पेशींवरच्या चाचण्यांना नियमांत जागा मिळाली. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा पेशी जतन करून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवते.

पण ताटलीत कळलेले बांधापर्यंत पोचायला हवे. चाचणी करणाऱ्याला तुमचा बारा तास उन्हात जाणारा दिवस ठाऊक नसतो. म्हणून औषध घेताना डॉक्टरांना सांगा, "मी दिवसभर रानात असतो." रक्तदाबावरची हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळीही कातडी उन्हाला हळवी करते. गोळी मनाने बंद मात्र करू नका, रक्तदाब उसळेल. डॉक्टर बदलून देतात, नाहीतर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टापशी आहेच.

त्या बागायतदाराची कॅप्सूल डॉक्टरांनी बदलली. मोरचुदाची माझी सूचना मी परत घेतली, हातमोज्यांची नाही.