चिखल ठरवतो मडगार्ड

बारामती-इंदापुरात जीप किंवा थारला नवे बॉनेट-मडगार्ड बसवायचे तर आधी माती पाहावी. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे तिथे काळी, चिकट जमीन. सुपे-मोरगावकडे जिरायती माळ, मुरूम आणि दगड. ही दोन शिवारे गाडीकडून दोन वेगळ्या गोष्टी मागतात.

काळ्या रानात पावसाळ्यात टायरला माती चढत जाते आणि मडगार्डखाली गच्च बसून चाकच अडते. तिथे टायर आणि मडगार्ड यांत मोकळी जागा हवी. चाक पूर्ण वर दाबून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे टोकाला वळवून ती तपासावी. माळावर वेगळे दुखणे: दगड उडतात, बाभळीच्या फांद्या घासतात. तिथे चाक झाकणारे रुंद मडगार्ड बरे.

पुढचा प्रश्न पत्रा की फायबर. पत्रा जड असतो, गंजतो. पण चेपला तर गावातला डेंटर ठोकून सरळ करतो. फायबर हलके असते, गंजत नाही. मात्र जोरात आदळले की तडकते आणि मग रेझिन-मॅटने सांधावे लागते. पातळ फायबरचे बॉनेट वेगात थरथरते, म्हणून बिजागऱ्या आणि कॅच भक्कम हवेत. ते उघडून काचेवर आदळले तर पुढचे काहीच दिसत नाही.

बॉनेटचा आकार मुळात इंजिन ठरवते. महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आलेल्या सीजे-३बी जीपचे नाक उंच दिसते, कारण तिचे हरिकेन इंजिन आधीच्या गो-डेव्हिल इंजिनापेक्षा उंच होते. आज जाळ्या पाडलेली बॉनेट हौसेने घेतली जातात. काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. जाळी तिथे पाडली तर गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची आत शिरते. जाळी पुढे हवी, आणि तिच्याखाली अल्टरनेटर भिजणार नाही हेही पाहावे.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार, नोंदणीपत्रातला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. म्हणून रुंदी वाढवण्याआधी किंवा रंग बदलण्याआधी बारामतीच्या आरटीओ (एमएच-४२) कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. मूळ मापाचे, जाड पत्र्याचे बॉनेट आणि आपल्या रानाला साजेसे मडगार्ड, एवढे बहुतेकांना पुरते. उरलेले पैसे टायरवर घाला.