फुकट शिकणारा अमेरिकन: जर्मनीतलं खरं चित्र

अमेरिकेत कॉलेजच्या फीने पालकांचं कंबरडं मोडतं, जर्मनीत मात्र विद्यापीठं फुकट, म्हणून तिकडची मुलं युरोप गाठतात, असं आपल्याकडे ठासून सांगितलं जातं. हे अर्धंच खरं. बहुतेक सरकारी जर्मन विद्यापीठांत परदेशी मुलांनाही शिक्षणशुल्क नाही. सहामाहीला शे-तीनशे युरोंची वर्गणी भरली की झालं. पण फ्रायबुर्ग आणि हायडेलबर्ग ही नावाजलेली विद्यापीठं ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहेत, तिथे २०१७च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो मोजावे लागतात. विद्यापीठांमधल्या देवाणघेवाणीच्या करारातून आलेल्यांना ही फी माफ असते. मात्र अशा वेळी कितीतरी अमेरिकन कॉलेजं आपली नेहमीची फी घेतच राहतात. मुलगी बसते हायडेलबर्गच्या वर्गात आणि आईवडील हप्ते फेडतात ओहायोतल्या कॉलेजचे!

दुसरा समज असा, की ही मुलं अभ्यासाच्या नावाखाली हिंडायला येतात. या प्रथेची सुरुवात तरी तशी नव्हती. १९२३ साली डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांना घेऊन बोटीने फ्रान्सला गेले, ते वर्षभरासाठी, आणि आधी फ्रेंच पक्की करून घेण्यासाठी. आज बहुतेक जण एका सत्रासाठी किंवा त्याहूनही कमी काळासाठी जातात, त्यामुळे टीकेत तथ्य अजिबात नाही असं म्हणवत नाही. बिअरचंही आकर्षण असतंच. अमेरिकेत एकविसाव्या वर्षापर्यंत दारूला बंदी, जर्मनीत बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षी कायदेशीर.

पण अभ्यास सोपा नसतो. घरी दर आठवड्याला गृहपाठ, चाचणी, हजेरी. इथे अनेक विषयांत सत्राअखेरीस एकच परीक्षा, तोवर कोणी विचारायला येत नाही. ज्याला हाकलायला मास्तर लागतो, त्याची इथे पंचाईत होते. पदवीचे बहुतेक वर्ग जर्मनमधून चालतात, तेव्हा ‘युरोपात इंग्रजीवर भागतं’ हेही दुकानापुरतंच. गुणांचा तर उलटाच कारभार. अमेरिकेत ४.० म्हणजे पैकीच्या पैकी, जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. वेळापत्रकातला दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो, कारण पंधरा मिनिटं उशीर ही विद्यापीठांची जुनी, अधिकृत रीत आहे. जर्मन वक्तशीरपणाच्या दंतकथेला एवढा तडा पुरे. व्याख्यान संपलं की टाळ्या नाहीत, मुलं बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात.

रविवारी किराणा दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध-पाव आणायचा राहिला, तर स्टेशनवरच्या महागड्या दुकानाचाच आधार.

राहिला पासपोर्ट. तो अमेरिकन असला की युरोपभर मोकळं रान, असं आपल्याला वाटतं. व्हिसाशिवाय शेंगेन देशांत राहता येतं ते १८० दिवसांत ९० दिवस, आणि एक सत्र त्यात मावत नाही. खरी सवलत एकच: आपल्या मुलांना आधी भारतातून व्हिसा काढावा लागतो, अमेरिकन विद्यार्थी तसाच येऊन जर्मनीत राहण्याचा परवाना मागू शकतो. पुढची रांग पुण्याच्या मुलाची आणि त्याची एकच. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, तिला घरमालकाच्या सहीचा दाखला. आरोग्यविमा सक्तीचा. खर्चाची ऐपत दाखवायला सहसा गोठवलेलं बँक खातं, ज्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे (हा २०२४च्या सप्टेंबरपासूनचा आकडा) आणि महिन्याला ९९२ काढायचे.

इथे अमेरिकन मुलाच्या मागे आणखी एक शुक्लकाष्ठ लागतं, जे आपल्या मुलाला नाही. परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम असली, तर अमेरिकन नागरिकाला ते आपल्या अर्थखात्याला कळवावं लागतं. गोठवलेल्या खात्याची रक्कम ही मर्यादा पहिल्याच दिवशी ओलांडते. त्यावर कर लागत नाही, पण कळवायचं राहिलं तर दंड होऊ शकतो. शिवाय अमेरिकन ग्राहकांची माहिती तिकडे पाठवण्याची कटकट नको, म्हणून काही युरोपीय बँका त्यांना खातं उघडून द्यायलाच नाखूश असतात.