‘मिक्स केलं’ म्हणजे नक्की काय केलं?

मागच्या पोस्टनंतर एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘सर, माझं बीएस्सीपर्यंत सगळं मराठी माध्यमाच्या सवयीनं झालंय. सिनॉप्सिस लिहायला बसले की मिक्स, ब्लेंड, डिस्पर्स, डिझॉल्व्ह यातलं कुठलं वापरायचं तेच कळत नाही. काही फरक पडतो का?’

पहिली गोष्ट, मला सर म्हणू नका, माझीच थिसीस अजून बाकी आहे. दुसरी गोष्ट, फरक पडतो. माझे जवळपास चार महिने या फरकापायी गेलेत. ती गोष्ट पुढे सांगतो, आधी मुलाखतीचा किस्सा.

पीएचडीच्या प्रवेशासाठी मी एका ठिकाणी मुलाखतीला गेलो होतो. पॅनेलमधल्या एकांनी सहज विचारलं, साखर पाण्यात टाकली की काय होतं? मी आत्मविश्वासाने सांगून टाकलं, ‘शुगर मेल्ट्स.’ समोरचे तिघे हसले. मला कळेना काय चुकलं. बाहेर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आमच्या पाटणकडे घरात ‘साखर वितळली का बघ’ असंच म्हणतात, आणि मी तेच इंग्रजीत नेऊन ठेवलं होतं. खरं तर मराठीत यासाठी दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत. लोणी वितळतं, त्याला फक्त उष्णता लागते. साखर विरघळते, तिला पाणी लागतं. पहिलं मेल्ट, दुसरं डिझॉल्व्ह. आणि तिसराही आहे, पाघळणं. पावसाळ्यात आमच्याकडे डब्यातला गूळ पाघळतो. तिथे ना कोणी उष्णता दिली ना पाणी ओतलं. गुळाने हवेतली वाफ ओढून घेतली आणि तो स्वतःच त्यात विरघळायला लागला. पदार्थ असा हवेतल्या ओलाव्यात विरघळून ओघळायला लागतो, त्याला रसायनशास्त्रात डेलिक्वेसन्स म्हणतात. नेट-सेटच्या तयारीत हा शब्द पाठ करताना माझी जीभ अडखळायची. कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला खरं तर त्याची व्याख्या पाठ करायची गरजच नव्हती.

म्हणजे आपल्याकडे शब्द कमी नाहीत. आपण ते घरी ठेवून लॅबमध्ये जातो, एवढंच.

आता मिश्रणांची नावं पाहू. शाळेत आपण द्रावण, कलिल आणि निलंबन शिकलो. कणांचा आकार वाढत जातो तसं आपण एकातून दुसऱ्यात जातो. मीठ-पाण्यात कण रेणू-आयनांएवढे असतात, ते द्रावण, म्हणजे सोल्यूशन. साधारण 1 ते 1000 नॅनोमीटरचे कण पसरलेले असले की कलिल, म्हणजे कोलॉइड. त्याहून मोठे आणि ठेवल्यावर तळाला बसणारे असले की निलंबन, म्हणजे सस्पेन्शन. पहिल्या पावसातलं ओढ्याचं पाणी हे निलंबन. तांब्यात भरून ठेवा, सकाळी गाळ खाली बसलेला असेल.

कोलॉइड हा शब्द टॉमस ग्रॅहॅम यांनी 1861 मध्ये वापरात आणला, ग्रीकमधल्या डिंकाच्या शब्दावरून. कारण डिंक, जिलेटिन असे पदार्थ पातळ पडद्यातून सहज पलीकडे जात नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्या परिभाषाकारांनी डिंक नाही उचलला. त्यांनी ‘कलिल’ घेतला. संस्कृतात त्याचा अर्थ दाट, गुंतलेलं, मिसळलेलं असा आहे, आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मोहाच्या दाटीसाठी तो आला आहे. धुकं पडलेल्या दिवशी कुंभार्ली घाटातून गाडी चालवली असेल तर हा शब्द किती नेमका आहे ते कळेल. हेडलाइटचा झोत समोर भिंतीसारखा उभा राहतो. (पुस्तकात धुकं कलिलाच्या उदाहरणात असतं, पण धुक्याचे थेंब बऱ्याचदा हजार नॅनोमीटरहून मोठे असतात. परीक्षेत पुस्तकातलं लिहा, संशोधनात आकार मोजा.)

माझा सगळ्यात आवडता शब्द मात्र ‘पायस’. इमल्शनसाठी मराठी विश्वकोशात हाच शब्द आहे. एकात न विरघळणारे दोन द्रव, एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात पसरलेले, ते पायस. दशरथाच्या यज्ञातली खीर आठवून मी आधी हसलो होतो. मग इमल्शनचं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये त्या धातूचा अर्थ धार काढणे, दूध काढणे. आणि पायस आलाय ‘पयस्’वरून, म्हणजे दुधावरूनच. ज्याने कुणी हा शब्द निवडला त्याने मूळ अर्थ हुडकून तिथपर्यंत पूल बांधला आहे. विश्वकोशाचं काम आपल्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं. त्याचे खंड आता नेटवर फुकट वाचता येतात. इंग्रजी पेपर डोक्यावरून जाऊ लागला की आधी तिथली नोंद वाचा, मग पेपरकडे परत या. मी अजूनही असंच करतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

हा उद्योग फक्त आपणच केला असंही नाही. विद्युतप्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हे 1820 मध्ये दाखवणारा हान्स क्रिश्चन ओर्स्टेड हा डॅनिश शास्त्रज्ञ तुम्हाला भौतिकशास्त्रातून माहीत असेल. त्याआधी, 1814 मध्ये, त्याने डॅनिश भाषेत रसायनशास्त्राचे शब्द घडवले. ऑक्सिजनला ‘इल्ट’, आगीच्या शब्दावरून. हायड्रोजनला ‘ब्रिंट’, जळण्याच्या क्रियापदावरून. दोनशे वर्षांनंतरही डेन्मार्कमधली मुलं शाळेत हेच शब्द शिकतात. द्रावणाला ते ‘ओप्लोस्निंग’ म्हणतात आणि त्यात सोडवणं, सुटं करणं हा अर्थ आहे. इंग्रजी सोल्यूशनच्या मुळाशीही तोच, म्हणून गणिताचं उत्तर आणि मिठाचं पाणी या दोघांना इंग्रजीत एकच शब्द चालतो. आपलं ‘द्रावण’ मात्र ‘द्रव’ होण्याच्या बाजूने आलंय. बघा, वितळणं आणि विरघळणं यांचा माझा गोंधळ तिथेही थोडा डोकावतोच!

मराठी परिभाषेत सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. ‘संमिश्र’ घ्या. शाळेच्या पुस्तकात अ‍ॅलॉयला संमिश्र म्हटलंय, विश्वकोशात मिश्रधातू. गणितात गेलात की कॉम्प्लेक्स संख्याही संमिश्र. कंपोझिट मटेरिअलबद्दलच्या मराठी लेखात तिथेही संमिश्रच. पॉलिमर कंपोझिटवर काम करणाऱ्याने मराठीत सारांश लिहिला तर वाचणाऱ्याला वाटेल हा पितळेवर काम करतोय. अशा ठिकाणी मी सरळ कंपोझिट लिहितो. पितळेचंच निघालंय तर एक सांगतो. तांब्यात जस्त एका मर्यादेपर्यंत असेल तर ते तांब्याच्या स्फटिकात अणूअणूने सामावतं, म्हणजे ते पितळ हे घन द्रावण असतं. ‘सोल्यूशन’ म्हटलं की डोळ्यासमोर फक्त बीकर आणणाऱ्यांनी घरातला पितळी डबा एकदा हातात घेऊन बघावा.

इंग्रजीही काही कमी नाही. डिस्पर्शन हा शब्द प्रकाशाला लागला की सात रंग, संख्याशास्त्रात गेला की आकडे किती विखुरलेत ते, आणि आमच्या लॅबमध्ये एका पदार्थाचे कण दुसऱ्यात पसरणं. सिनॉप्सिसमध्ये हा शब्द आला की कोणता अर्थ ते पहिल्याच वाक्यात स्पष्ट करा.

आता त्या चार महिन्यांबद्दल.

माझं काम वनस्पतिजन्य तेलाचं पाण्यात टिकाऊ पायस बनवण्याचं. पहिल्या वर्षी एक नमुना इतका सुंदर जमला की आठवडे गेले तरी तेल वर आलं नाही. गाइड खूश, मी हवेत. मग तोच प्रयोग पुन्हा करायचा म्हटलं तर जमेना. तेच तेल, तोच सर्फॅक्टंट, तीच प्रमाणं, तोच स्टरर. दोन दिवसांत तेल वर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सर्फॅक्टंटची नवी बाटली मागवली, पाणी बदललं, स्टररवर संशय घेतला. शेवटी गाइडने माझी वही मागितली. त्या तारखेला मी लिहिलं होतं, ‘तेल, सर्फॅक्टंट आणि पाणी मिक्स केलं, 30 मिनिटं.’ त्यांनी एवढंच विचारलं, ‘कशात काय टाकलं होतंस?’ मला आठवत नव्हतं.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आजी ताक करत होती. रवी फिरतेय, फिरतेय, लोणी काही येईना. मी सहज म्हटलं, अजून घुसळावं लागेल. तर म्हणाली, ‘नुसतं घुसळून न्हाई येत बाबा. वत की जरा गार पाणी.’ ओतलं, आणि थोड्या वेळात लोण्याचे कण धरू लागले. मी तिथे पाटावर बसून राहिलो, कारण समोर जे झालं होतं ते माझ्याच विषयातलं होतं. सायीत चरबीचे थेंब पाण्यात पसरलेले असतात. घुसळताना ते एकमेकांवर आपटतात, त्यांच्याभोवतीचं पातळ आवरण फाटतं, थेंब जुळत जातात आणि शेवटी सगळं उलटं होतं. लोण्यात पाण्याचे थेंब चरबीत अडकलेले असतात. याला फेज इन्व्हर्जन म्हणतात. आणि गार पाणी का? चरबी थोडी घट्ट असल्याशिवाय थेंब नीट चिकटत नाहीत. फार ऊब असली तर नुसती तेलकट धार सुटते. किती घुसळलं याच्याइतकंच कधी आणि काय ओतलं यालाही महत्त्व होतं.

परत येऊन मी क्रम उलटा केला. आधी तेल आणि सर्फॅक्टंट एकत्र, मग त्यात ढवळत ढवळत पाणी थेंब थेंब. सुरुवातीला तेलात पाण्याचे थेंब असतात, पाणी वाढत जातं आणि एका क्षणी सगळं पलटून पाण्यात तेलाचे अतिशय बारीक थेंब होतात. जमलं. पुढे तीनदा केलं, तीनदा जमलं. नंतरच्या सगळ्या वेळी मी पाण्यात तेल ओतत होतो, कारण ते सोयीचं होतं. वहीत मात्र दोन्ही वेळा एकच शब्द होता.

मराठी क्रियापदांकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो. ती क्रमही सांगतात आणि साधनही. आधणात तांदूळ वैरतात, म्हणजे उकळत्या पाण्यात घन पदार्थ, हळूहळू, आणि त्याच क्रमाने. भाकरीचं पीठ मळतात, तिथे तळहाताचा दाब आला. आमटी-भात कालवतात, बोटांनी, दाब न देता. गवंडीही माल कालवतो, पण फावड्याने. (तो माल नंतर सुकतो असं आपण म्हणतो ते चूक. सिमेंटची पाण्याशी रासायनिक अभिक्रिया होऊन तो घट्ट होतो, म्हणून तर वरून पाणी मारतात. मिश्रण म्हणून घमेल्यात गेलं आणि संयुगं होऊन बाहेर आलं. आमच्या कोयना धरणाची भिंत अशाच दगड आणि काँक्रीटची आहे.) अंघोळीच्या कढत पाण्यात गार पाणी घालतात ते विसण. त्यातही कशात काय ओतायचं ते ठरलेलं आहे. वैद्य औषध खलतात आणि वनस्पतीच्या रसात पुन्हा पुन्हा घोटून त्याला भावना देतात. मटेरिअल सायन्समधली ओली दळण्याची पद्धत वाचताना मला हाच शब्द आठवला.

इंग्रजीतही अशी क्रियापदं आहेत, फक्त ती आपल्या कानावर पडलेली नसतात. स्टर म्हणजे ढवळणं, शेक म्हणजे भांडं हलवणं, निड म्हणजे मळणं, चर्न म्हणजे घुसळणं, ट्रिट्युरेट म्हणजे खलणं. सोनिकेट म्हणजे ध्वनिलहरींनी कण फोडणं, त्याला घरात जोड नाही. ब्लेंड शक्यतो पावडरी किंवा पॉलिमर एकत्र केले की. जे खरोखर विरघळलं त्यालाच डिझॉल्व्ह. नॅनोकण पाण्यात विरघळले असं लिहिलंत तर रिव्ह्यूअर तिथेच थांबतो. ते पसरलेत, डिस्पर्स झालेत. दुधाबद्दल लिहिताना तर तिन्ही लागतात. त्यातली साखर, म्हणजे लॅक्टोज, विरघळलेली असते, केसीन या प्रथिनाचे शंभर-दोनशे नॅनोमीटरचे पुंजके कलिल असतात, आणि चरबीचे काही मायक्रोमीटरचे थेंब पायस. शाळेत ‘दूध हे कलिल आहे’ म्हणून एक मार्क मिळाला होता, तो परत मागू नका म्हणजे झालं.

त्या विद्यार्थिनीला मी उत्तरात माझ्या वहीतल्या नोंदीचा फोटो पाठवला. पूर्वीच्या एका ओळीची आता अशी नोंद झाली आहे: ‘100 मिलीचा बीकर, 25 अंश. तेल आणि सर्फॅक्टंट आधी एकत्र, 10 मिनिटं ढवळलं, स्वच्छ दिसतंय. मग त्यात पाणी, थेंब थेंब, मिनिटाला 1 मिली. 3 सेंटिमीटरचा चुंबकी दांडा, 500 आरपीएम. साधारण निम्मं पाणी गेल्यावर एकदम घट्ट झालं, मग पातळ आणि निळसर.’ आरपीएमबरोबर दांड्याची लांबी आणि बीकरचा आकारही लिहिलाय, कारण तोच आकडा मोठ्या भांड्यात वेगळंच ढवळतो. आणि ‘निळसर’ हा शब्द मी खोडला नाही. तेलाचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान झाल्याची ती पहिली खूण होती, यंत्रावर मोजायच्या आधी डोळ्यांना दिसलेली.

तिने विचारलंय, हे सगळं मराठीत लिहिलं तर चालतं का? वही तुमची आहे, गाइडला वाचता आली की झालं. माझ्या गाइडना ‘वैरलं’ एकदा समजावून सांगावं लागलं, आता तेच वापरतात.