ढोरांचा डॉक्टर ते स्पेशालिस्ट

बारावीला जीवशास्त्र आणि मग 'नीट', इथपर्यंत वाट माणसांच्या डॉक्टरांचीच. पुढे साडेपाच वर्षांची बीव्हीएससी, त्यात वर्षभर इंटर्नशिप. तज्ज्ञ व्हायचं तर आणखी दोन वर्षं एमव्हीएससी: शस्त्रक्रिया, औषधोपचार, विकृतिशास्त्र, प्रसूतिशास्त्र वगैरे.

यातलं प्रसूतिशास्त्र बघावं तर गोठ्यातच. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवून गुदमार्गातून हात घालायचा, आतड्याच्या पडद्याआडून गर्भाशय चाचपायचं. गाय गाभण आहे का, हे तिथे बोटं सांगतात. सोनोग्राफी आली तरी हा हात बसवावाच लागतो. गायीचं सिझेरियन बहुधा ती उभी असतानाच होतं. डाव्या कुशीला भूल देऊन तिथेच छेद घेतात, कारण त्या बाजूचं अवाढव्य पोट आतड्यांना बाहेर येऊ देत नाही.

परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात मोडतं. सरकारी पशुधन विकास अधिकारी व्हायला साधी पदवी पुरते. त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यात एकाच माणसाला म्हशीची वार काढण्यापासून कोंबड्यांच्या लशीपर्यंत सगळं पाहावं लागतं. निव्वळ डोळ्यांचा किंवा हाडांचा डॉक्टर हवा असेल, तर मुंबई-पुण्याकडेच धाव घ्यावी लागते, आणि तिथे रांगेत बहुतेक कुत्री-मांजरंच दिसतात.