चौकट : बेळगावातली गोळीची चाचणी

प्रश्न : बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव (500 मिलिलिटर वा अधिक) मिसोप्रोस्टॉलच्या गोळीने टळतो का?

कुठे, केव्हा : बेळगाव जिल्ह्याचा ग्रामीण भाग, 2002 ते 2005. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्धी 2006.

रीत : 1,620 बाळंतिणी, प्रसूती घरी किंवा उपकेंद्रात, हाताशी एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) सिस्टर. साधारण निम्म्यांना औषध, बाकीच्यांना हुबेहूब दिसणारी बिनऔषधी गोळी. कोणाला कुठली, हे सिस्टरलाही ठाऊक नाही. रक्त डोळ्यांच्या अंदाजाने मोजले तर कमीच भरते. म्हणून बाळंतिणीखाली खुणांची प्लास्टिक पिशवी.

निष्कर्ष : अतिरक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर. 18 जणींना गोळी दिल्यास एकीचा टळतो. थंडी वाजण्याचे प्रमाण मात्र वाढले.

पुढे : 2011 मध्ये या वापरासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मिसोप्रोस्टॉलचा समावेश.